पाखडलेलं जंगल

रोहिणखेडच्या वरच्या डोंगरात झाडांखाली मी वर्षभर जाळ्या बांधून ठेवल्या होत्या. चार बांबू आणि मध्ये मच्छरदाणीचं कापड, बस्स. वरून जे पडेल ते दर महिन्याला पिशवीत भरायचं, घरी वाळवायचं, वजन करायचं. जंगल वर्षाकाठी किती पिकलं याचा अंदाज त्यावरून येतो. नांदुऱ्याच्या कॉलेजात मी वनस्पतिशास्त्र शिकवते. तिथे याला ‘मॅडमचा कचरा’ म्हणतात. म्हणोत बापडे.

फाल्गुनाची पिशवी शेवटची आणि सगळ्यात जड. आमच्याकडचं सागाचं रान याच सुमाराला उघडंबोडकं होतं; हा महिना हुकला की सगळं वर्ष वाया. वडनेरला घरी पानं गच्चीवर पसरून मी कॉलेजला गेले. परत आले तर पानं अंगणात, एकावर एक नीट रचलेली. शेजारी सूप.

“निवडून ठेवली व,” आई म्हणाली. “लय घाण होती त्यात. काड्या, किडे, भुगा. पाखडून टाकलं सारं.”

माझा राग कायम नाकावर. “तुले कोनं सांगतलं होतं? त्या भुग्याचंबी वजन पाहिजे होतं मले!”

“भुग्याचं?” जन्मभर तूर-हरभरा निवडलेल्या बाईला हे कसं पटावं? पाखडलेलं वाऱ्यानं कधीच नेलं होतं.

सुपाच्या विणीत थोडं अडकलं होतं. नेमकं काय घालवलं ते दाखवावं म्हणून मी ते पांढऱ्या कागदावर झटकलं आणि तिच्या हातात भिंग दिलं. अळ्यांच्या मोहरीहून बारीक लेंड्या, धावड्याचं पंखवालं बी, कळीची टरफलं, कुणाचा तरी अर्धा पाय. भांडण राहिलं बाजूला. दोघीही वाकून बघत बसलो.

“एवढं सारं झाडाले येते कुठून?”

“पानाचं अंग बहुतेक हवेतून बनते. अन् पावसाच्या पान्यातून. मातीचं त्यात थोडंसंच.”

“हवेतून?” तिनं एक सागपान उचललं आणि त्याच्या शिरांवरून कितीतरी वेळ बोट फिरवत राहिली. हे मी दरवर्षी फळ्यावर लिहिते. अंगावर काटा मात्र त्या दिवशी पहिल्यांदा आला.

वर्ष गेलं ते गेलंच. पुढच्या रविवारी जाळ्या सोडवून आणायला निघाले, तर आई न विचारताच सोबत आली. डोंगरात वारा अजिबात नव्हता, तरी पानं गळत होती. एक इथे, एक पार तिकडे, कोरडा आवाज करत, जराही न थांबता. मोजायच्या घाईत मी ते कधी उभं राहून ऐकलंच नव्हतं. मला माझी फार लाज वाटायला हवी होती, पण आनंदच इतका झाला की लाजेला जागा उरली नाही.

“काऊन व, सोडून नाही राह्यली जाळ्या?” आईनं विचारलं.

“नाही,” मी म्हटलं, आणि दोरी सोडायच्या ऐवजी सैल झालेली गाठ आवळली.