दिवाणांची पाटी आणि मूठभर नागली

अप्पा, म्हणजे माझे सासरे, पितळी पाटी करून घेऊन आले तेव्हाच मी ओळखलं, आपली रविवारची झोप गेली. पाटीवर त्यांच्या आजोबांचं नाव, खाली 'दिवाण'. सुरगाण्याकडच्या डोंगरातल्या एका चिमुकल्या संस्थानाचे ते इंग्रजांच्या काळातले दिवाण. स्वातंत्र्य आलं तेव्हा राजेसाहेबांचं मन वळवून संस्थान भारतात विलीन करायला लावलं ते त्यांनीच. पण 'दिवाणानं गादी घालवली' अशी बोलणी सुरू झाली म्हणे. कुटुंब नाशिक रोडला आलं ते कायमचं. अप्पांना जन्मभर एकच टोचणी, तिथे आजोबांना आता काय म्हणत असतील? ते एकदा कानांनी ऐकायचं आणि जमलं तर पाटी लावून यायचं, एवढाच त्यांचा हट्ट.

गाडी मी चालवली. वणीपर्यंत रस्ता झकास. तिथेच मिसळ खा, पेट्रोल भरा. पुढे वळणंच वळणं, आणि फोनला रेंज येईल तेव्हा येईल. अप्पांनी मिसळीला हात लावला नाही. पाटी मागे ठेवा म्हटलं, तर ओरखडे पडतील म्हणे! घाटभर मांडीवर घेऊन बसले होते.

गावात चौकात विचारलं, पारावर विचारलं. दिवाण कुणाला माहीतच नाहीत. एका निवृत्त गुरुजींना राजेसाहेबांच्या तीन पिढ्या तोंडपाठ, पण दिवाण कोण ते त्यांनाही आठवेना. शिव्या ऐकायची तयारी करून आलेला माणूस, आणि इथे साधी शिवीसुद्धा नाही. अप्पांचा चेहरा असा उतरला की मला पोटातून वाईट वाटलं. खानावळीत नागलीची, म्हणजे आपल्या नाचणीची, भाकरी आणि उडदाची आमटी मिळाली, सुरेख होती. आधी फोन करून सांगावं लागतं एवढं लक्षात ठेवा.

परतताना गावाच्या हद्दीवर स्ट्रॉबेरी घ्यायला थांबलो. विकणाऱ्या मावशींनी टोपली उतरवली, आणि आमच्याकडे बघायच्या आधी कनवटीची मूठभर नागली रस्त्याकडेच्या सपाट दगडावर टाकली. मी विचारलं, हे काय? त्या म्हणाल्या, इथे राजाचा नाका होता. आडवा बांबू. बाजाराला निघालेल्या प्रत्येक टोपलीतून मूठ काढून घ्यायचे.

"मंग दिवाण आला. म्हनला, आता समदा देश एक झाला, कुनाला अडवायचं? बांबू त्यानंच उपटला. माझी आजेसासू सांगायची. तवापासून ती मूठ पाखरांची."

अप्पांनी पुढे होऊन विचारलं, "त्या दिवाणांचं नाव काय?"

"नाव नाय माहीत. दिवाणाची मूठ म्हनतो आमी."

अप्पा रडले. मावशी बिचाऱ्या घाबरल्या, त्यांनी दोन स्ट्रॉबेऱ्या त्यांच्या हातात ठेवल्या. मी म्हटलं, अप्पा, पाटी इथेच लावू या ना, याहून चांगली जागा कुठली? तेवढ्यात भाजीने भरलेला एक पिकअप वेग कमी न करता समोरून निघून गेला. अप्पा तो दिसेनासा होईपर्यंत बघत राहिले.

"नको," ते म्हणाले. "इथे पुन्हा काही उभं करायचं नाही."

पाटी घरी आली. आमच्या गॅलरीच्या कठड्यावर आडवी ठेवली आहे. रोज सकाळी अप्पा तिच्यावर मूठभर नागली टाकतात, चिमण्या येतात. नावावर चांगलेच ओरखडे पडलेत. मी पुसायला गेले, तर म्हणाले, राहू दे.