आर्थरच्या वडिलांचं बिननावाचं पदक

टोरोंटोला उतरले तेव्हा नोव्हेंबरची थंडी नुसती बोचत होती. संदीपनं, माझ्या मुलानं, "जय भीम, आई" म्हणत माझ्या स्वेटरवर आणखी एक जॅकेट चढवलं. तिथून जवळच्या केंब्रिज गावी, त्याच्या घरी पोचेपर्यंत मी भोपळ्यासारखी गोल झाले होते.

संदीप इथल्या मोटारींच्या कारखान्यात आहे आणि आर्थर नावाच्या म्हाताऱ्याच्या बेसमेंटमध्ये (तळघरातल्या खोल्यांत) भाड्यानं राहतो. तळघर म्हटल्यावर मला अंधारी, ओलसर कोठीच वाटली होती. पण आत पाहते तर काय, छान ऊबदार आणि लख्ख!

आर्थर ऐंशीच्या पुढचा, लहानपणी इंग्लंडहून आलेला, आता एकटाच. दुसऱ्या दिवशी त्यानं आम्हाला वर चहाला बोलावलं. त्यानं दिलेला बटर टार्ट (लोणी-साखरेचं सारण भरलेली छोटी वाटी) मी मिटक्या मारत खाल्ला. मग त्यानं कपाटातून पदकं काढली.

"माझे वडील ब्रिटिश फौजेत होते. बर्मात लढले."

"अगंबाई! माझे सासरेही तिथेच होते."

आर्थर खुलला. उद्या युद्धात गेलेल्या सैनिकांचा स्मृतिदिन. दरवर्षी तो वडिलांचा बर्मा स्टार (बर्मात लढलेल्यांना मिळालेलं ताऱ्याच्या आकाराचं पदक) घेऊन युद्धस्मारकापाशी जातो. मी तो तारा हातात घेतला आणि सवयीनं उलटा केला. कुणाचं भांडं हातात आलं की आपण नाव बघतोच ना! शिवाय सासऱ्यांच्या ताऱ्यामागे त्यांचं नाव कोरलेलं आहे.

"ह्यावर नावच नाही हो, आमच्या सासऱ्यांच्यावर आहे," मी बोलून गेले.

आर्थरचा चेहरा पडला. "वडील युद्धाबद्दल अवाक्षर काढत नसत. म्हणजे हा त्यांचा नाहीच. जुन्या बाजारातून आणला असेल. उद्या मी स्मारकापाशी जात नाही."

जळली मेली माझी जीभ! खाली येताच संदीप म्हणाला, "आई, येऊन दोन दिवस नाही झाले आणि लँडलॉर्डला रडवलंस? रूम जाईल ना माझी!"

मला काही झोप लागली नाही. सकाळी उठून थेट आर्थरचं दार वाजवलं आणि त्याला अक्षरशः ओढत माजी सैनिकांच्या हॉलवर नेलं. तिथं जोन नावाच्या निवृत्त सैनिक बाई होत्या. त्यांनी तारा पाहिला आणि हसल्याच.

"त्या युद्धातले तारे ब्रिटननं नाव न कोरताच वाटले. भारतात मात्र कोरून दिले. ह्याच्यावर नाव असतं ना आर्थर, तरच मला शंका आली असती!"

आर्थर मटकन खुर्चीत बसला आणि डोळे पुसू लागला. माझाही जीव भांड्यात पडला.

स्मारकापाशी संदीपही येऊन पोचला. बिगुल वाजलं, सगळे स्तब्ध उभे राहिले. गर्दी पांगल्यावर आर्थरनं तारा तळहातावर धरला.

"वॉल्टर! माझे वडील, वॉल्टर!" तो मोठ्यानं म्हणाला. "सरकारनं कोरलं नाही, तर मीच घेतो नाव." मग माझ्याकडे वळला. "आणि तुमच्या सासऱ्यांचं?"

सासऱ्यांचं नाव सुनेनं घ्यायचं नाही, हे सासूबाईंनी लग्नाच्या दिवशीच बजावलं होतं. ते जाऊन इतकी वर्षं झाली, नाव कितीदा तरी वाचलं, पण तोंडानं कधीच घेतलं नाही. संदीप माझ्याकडे बघत होता. मी डोळे मिटले.

"भागूजी सखाराम!"

इतक्या जोरात, की पलीकडचं कुत्रं भुंकायला लागलं. "बागूजी," आर्थरनं म्हणून पाहिलं. मला फार बरं वाटलं.

पुण्याला परतल्यावर शेजारणी विचारतात, नायगारा कसा होता? छान होता, भिजले. पण आनंद कशाचा वाटला, ते सांगायला गेलं तर कुणाला पटत नाही. आता नातीला तारा दाखवताना मी मामंजींचं नाव ठणठणीत घेते. सासूबाई असत्या तर डोळे वटारले असते. वटारू देत.