न लोळताच गोल झालेले दगड

माझं शिक्षण सातवी नापास. पण मकरपुऱ्याच्या कारखान्यात फिटर म्हणून बत्तीस वर्षं काढली. त्यामुळे जगातली कुठलीही वस्तू कशी तयार झाली ते मला बघताक्षणी कळतं, अशी माझी समजूत. घरच्यांची तशी नाही.

नात कॉलेजात दगडांचा अभ्यास करते. तिला दोन महिने राजस्थानच्या वाळवंटात जायचं होतं. मुलगा माझा भित्रा. म्हणाला, "आजोबा हो म्हणाले तर जा." म्हणजे नाही म्हणायचं काम माझ्या गळ्यात. सकाळीच पोरगी बापाच्या सहीचा फॉर्म घेऊन समोर बसली. मी म्हटलं, "दगडांत शिकण्यासारखं काय असतं ते मला पटवून दे. मग बघू."

तिनं मोबाइलवर फोटो दाखवला. रखरखीत वाळवंट आणि हत्तीएवढे गोल गोल ग्रॅनाइटचे धोंडे.

"हे गोल कसे झाले, सांगा."

"नदीनं लोळवले. आम्ही ओतीव माल पिंपात घालून फिरवायचो. आपटून आपटून कोपरे झडतात. झालं तुझं शिक्षण, राहा घरी."

"नदी कुठंय?"

"आटली."

"आजोबा, हे जमिनीच्या आतच गोल झाले. खडकाला उभ्याआडव्या भेगा पडून चौकोनी ठोकळे होतात. भेगांतून पाणी मुरतं. सपाट बाजू एकीकडूनच कुजते, कोपरा तिन्हीकडून. म्हणून कोपऱ्याचा भुगा आधी होतो. पुढे पावसावाऱ्यानं भुगा निघून गेला की आतला गोळा उघडा पडतो."

"वाळवंटात पाणी?"

"थोडं पुरतं. दगडाला कुठं घाई आहे?"

तिनं देवापुढचा खडीसाखरेचा टोकदार खडा आणून दिला. "तोंडात धरा. चावू नका." चावायला दात कुठायत! थोड्या वेळानं खडा काढला तर कोपरे गायब.

"बघा, कुठं लोळला हा?"

"जिभेनं लोळवला," मी म्हटलं.

मी जिंकल्याच्या ऐटीत मिशीवर हात फिरवला. बोटांची साखर मिशीला लागली.

मग तिनं मोबाइलवर दुसरा फोटो उघडला. रस्त्यासाठी कापलेली टेकडी. मातीत अर्धे गाडलेले दोन गोल धोंडे, मधे भुगा. आणि पांढऱ्या दगडाची एक रेघ पहिल्या धोंड्यातून निघून, भुग्यातून जाऊन, थेट दुसऱ्यात शिरलेली.

मी गार. मशीन खोलण्याआधी फिटर दोन भागांच्या सांध्यावर एक रेघ ओढून ठेवतो. जोडताना ती जुळली की भाग अगदी जागच्या जागी. ती रेघ ओढायला विसरलेल्या कितीजणांना मी शिव्या घातल्यात! लोळलेल्या दगडांची रेघ जुळेल कशी?

तरी माघार कसली? स्टीलची पट्टी आणून मोबाइलवर ठेवली. फोटो सटकला. "आजोबा, बोट लावू नका ना!" चौथ्या खेपेला जमलं. रेघ सरळ. चष्मा पुसून पुन्हा बघितलं. मेली वाकेचना.

नात हातातल्या फॉर्मची कड दुमडत होती. उघडत होती, परत दुमडत होती.

"जुळते रेघ," मी म्हटलं.

दारात उभ्या मुलाला काही कळेना. "एटले? म्हणजे हो की नाही?"

"अरे, सही कर की!" मी ओरडलो. हरलो की आवाज चढतो माझा. बिचाऱ्यानं घाबरून पेन शोधलं. त्याची सही होईपर्यंत मी कमरेवर हात ठेवून उभा होतो, जणू पोरीला पाठवायचं पहिल्यापासून मीच ठरवलं होतं.