पहिल्या रांगेतले आबा

कॉलेजात माझी ओळख एकच: बडबडी. वक्तृत्वाची तीन बक्षिसं घरी पत्र्याच्या कपाटावर होती, सगळी गुजरातीत बोलून मिळवलेली. त्यातल्या एका कपात आईने चमचे ठेवले होते. आबांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, मला स्टेजवर बोलताना कधी ऐकलं नव्हतं, आणि आता ऐकणं शक्यही नव्हतं. सुरतेत मागाच्या खडखडाटात त्यांचे कान कधीच गेले होते. खात्यात, म्हणजे मागाच्या कारखान्यात, सगळेच ओठांवरून बोलणं ओळखतात, तसेच आबाही. घरची अहिराणी आणि खात्यातली हिंदी त्यांना ओठांवर कळायची. गुजराती नाही.

नव्वदीतली ती मधली वर्षं. माझं कॉलेज संपत आलं होतं, घरात लग्नाचं चाललंच होतं. मग कुठलं स्टेज न् कुठलं काय! एकदा तरी माझं भाषण आबांना कळलंच पाहिजे, म्हणून मी हट्टाला पेटले आणि विद्यापीठाच्या स्पर्धेत हिंदीतून नाव दिलं. सरांनी कपाळाला हात लावला. "हातातली ढाल घालवणार तू!" फिरती ढाल दरवर्षी आमच्याच कॉलेजात राहायची. घालवेन, मनात म्हटलं.

आबा रात्रपाळी करून भेस्तानच्या खात्यातून बसने आले. शर्ट इस्त्रीचा, पण भुवयांवर मागाची धूळ तशीच. मी त्यांना पहिल्या रांगेत बसवलं.

विद्यापीठाचा तो जुना हॉल, उंच छत, कुरकुरणारे पंखे. माझं नाव पुकारलं. माइकपाशी गेले. मेला स्टँडचा पेच जाम! माझी उंची ही एवढीशी, माइक नेमका तोंडासमोर. मी सुरुवात केली तर आबा मान डावीकडे करून बघतायत, मग उजवीकडे. शेवटी अर्धवट उठले, तसं मागच्याने त्यांना खांद्याला धरून खाली बसवलं.

माझं डोकंच फिरलं. मी माइक सोडला, स्टेजच्या कडेला त्यांच्यासमोर आले आणि पहिल्यापासून बोलायला लागले.

माझा आवाज मुळातच बारीक. पाठीमागून "आवाज! आवाज!" सुरू झालं, मग शिट्ट्या. सर विंगेतून माइककडे बोटं दाखवत होते. हॉलच्या मध्यावर बसलेल्या एका परीक्षकाने कानामागे हात धरून पाहिला, मग पेनला टोपण लावून टाकलं. पण आबांची नजर माझ्या ओठांवरून हलत नव्हती. सकाळी ते कामावरून येतात आणि मी कॉलेजला निघते, आमची भेट फक्त दारात होते, असं मी बोलले तेव्हा त्यांनी रुमालाने डोळे पुसले, तेही घाईघाईने, एखादं वाक्य सुटेल म्हणून.

ढाल दुसरीकडे गेली. मला उत्तेजनार्थही नाही. सर माझ्याशी बोललेच नाहीत, आणि त्यानंतर मी कुठल्या स्टेजवर चढले नाही.

बस स्टॉपवर आबा तणतणत होते. आपला आवाज किती मोठा झालाय ते त्यांना कळायचं नाही. सगळा स्टॉप वळून बघायला लागला. शिट्ट्या त्यांना ऐकूच आल्या नव्हत्या. आपल्याला कळलं तसं सगळ्या हॉलला कळलं, असंच त्यांना वाटत होतं.

"इतलं चांगलं बोलनी तू! एकेक शबद माले समजना. मंग बक्षीस कसं नही दिन्हं? बहिरा शेतस का त्या परीक्षक?"

मी त्यांच्याकडे तोंड वळवलं आणि आवाज न काढता म्हटलं, "हा, आबा. बहिरा शेतस."