मिलच्या सुताने बांधलेला नांगर

होडीच्या नांगराला दोर बांधायच्या दोन रीती आहेत. तळाला वाळू किंवा चिखल असेल तर दोर नांगराच्या वरच्या कडीत ओवून गाठ मारली की झाले. तळाला खडप, म्हणजे पाण्याखालचा खडक असेल, तर तसे चालत नाही. नांगराच्या नख्या कपारीत शिरतात आणि वरून जितके ओढावे तितक्या घट्ट बसतात. म्हणून खडपावर जाताना दोर नांगराच्या बुडाला, नख्या जिथे दांड्याला मिळतात तिथे बांधायचा, दांड्याच्या कडेने वर आणायचा आणि कडीला नुसत्या सुतळीने अडकवायचा. नांगर सरळ निघाला तर ती सुतळी पुरते. अडकला तर जोराचा हिसका द्यायचा. सुतळी तुटते, ओढ बुडाकडून लागते, आणि नांगर जसा शिरला तसा उलटा बाहेर येतो. मात्र ती सुतळी कच्ची हवी.

वडिलांनी आम्हा दोघा भावांना हे गावी शिकवले होते. तरीही मी एकदा ती पक्की बांधली.

संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीचे दिवस होते. आम्ही डिलाईल रोडच्या एका चाळीत एका खोलीत राहत होतो. मी, थोरला भाऊ, वहिनी आणि त्यांची मुले. मी मिलच्या साचेखात्यात होतो. मागाला तिथे साचा म्हणतात. माझा साचा मुळात दादाचा. वडील आजारी पडले तेव्हा दोघांपैकी एकाला गावी जावे लागणार होते, आणि दादा गेला. जाताना जॉबरला, म्हणजे खात्याच्या मुकादमाला, सांगून मला बदली म्हणून आपल्या साच्यावर उभा करून गेला. वडिलांचे दुखणे लांबले. ते गेल्यावर सगळे आटोपून दादा परत आला, तोवर जॉबरने मला कायम करून टाकले होते. ही जागा माझ्या भावाची आहे, एवढे एक वाक्य मी जॉबरला सांगायला हवे होते. मी सांगितले नाही. दादानेही विचारले नाही. वहिनी मला पूर्वीसारखेच वाढत राहिली, आणि तिच्या हातची भाकरी मला गिळवेनाशी झाली.

दादा बरेच दिवस मिलांच्या दारांवर बदलीसाठी उभा राहिला. मग त्याने तो नाद सोडला. प्रभादेवीच्या किनाऱ्यावर एका कोळीण मावशीची लहान होडी पडून होती. नवरा वारल्यापासून ती दुसऱ्यांना वापरायला देई आणि मासळीतला वाटा घेई. दादा तिच्याकडे गेला तेव्हा मी बरोबर होतो.

"गळ टाकायला खडपावर जाणार ना?" मावशीने विचारले. "मागच्यानं तिथंच दोर कापला. अडकला नांगर नि घाबरला मेला. माझ्या नवऱ्याचा नांगर गेला. हा त्याचा दुसरा. कापलेला दोर घेऊन आलात तर होडी ठेवायची नि आपल्या गावाला जायचं."

"नाही कापणार, मावशी," दादा म्हणाला.

"तो पण मला मावशीच बोलायचा."

दादाने वहिनीला सांगून ठेवले होते की होडीवर जम बसला तर ठीक, नाहीतर शिमग्याला सगळ्यांनी गावी जायचे आणि परतायचे नाही. गावी तरी काय होते? वडिलांच्या आजारात होते नव्हते ते गेले होते. वहिनीने ट्रंक भरायला घेतली होती. त्या दिवसांत मी मोर्च्यांना जात होतो. मुंबई आपली, ती सोडायची नाही, असे घसा बसेपर्यंत ओरडायचे, घरी यायचे, आणि कोपऱ्यात भावाची ती अर्धी भरलेली ट्रंक बघायची.

एके दिवशी हरताळ ठरला. मिल बंद राहणार, म्हणून मी दादाबरोबर होडीवर जायचे ठरवले. आदल्या संध्याकाळी आम्ही किनाऱ्यावर तयारी करून ठेवली. दादा गळ बघत होता, नांगर माझ्याकडे दिला होता. दोर बुडाला बांधला. कडीशी बांधायची सुतळी हातात घेतली, तर ती कुजकी, दोन बोटांत तुटेल अशी. साच्यावर दिवसभर मी एकच काम करत असे. तार तुटली की साचा थांबवायचा, तार जोडायची, साचा चालू करायचा. तुटकी तार दिसली की माझा हात आपोआप पुढे होई. खिशात मिलमध्ये हात पुसायला मिळणाऱ्या सुताचा गुंडा होता. त्यातल्या लांब, चांगल्या तारा निवडल्या, एकत्र पिळल्या आणि त्यांनी दोर कडीला आवळून टाकला. बांधताना मला फार समाधान वाटले. दादासाठी आपण काहीतरी नीट, पक्के करतो आहोत असे वाटले. म्हणूनच ते आठवले की आजही मला लाज वाटते.

दुसऱ्या दिवशी सकाळी भोंगा झाला नाही. दुकाने बंद, ट्रामचे रूळ मोकळे. आम्ही पुलावरून चालत प्रभादेवीला गेलो आणि होडी पाण्यात लोटली. खडपावर पोचून नांगर टाकला. मासळी चांगली लागली. तांबोशी, एक मोठा शिंगाळा. दादा गुणगुणत होता. वडील गेल्यानंतर मी त्याला पहिल्यांदाच गुणगुणताना ऐकत होतो. ओहोटी पुरती उतरत आली तेव्हा तो म्हणाला, "चल, दुपारचो वारो सुटाच्या आधी जावया." घरात आम्ही मालवणीच बोलायचो.

त्याने दोर ओढला. मग मी हात लावला. दोर ताठ झाला आणि होडीचे पुढचे टोक, नाळ, खाली दबली.

"अडाकलो," दादा शांतपणे म्हणाला. "सुतळी तोडूया. दी हिसको."

आम्ही दोघांनी हिसका दिला. पुन्हा दिला. हातांची सालटी निघाली. दादा थांबला.

"सुतळी कसली घातलंस?"

"सुतळी नाय. सूत."

"कसला सूत?"

"मिलातला. पिळून."

त्याने दोर हातातून सोडला. मग म्हणाला, "जॉबराक सांग तुझ्या. काम चोख असा."

तो ओरडला असता तर बरे झाले असते.

आम्ही वल्ही मारून उलट्या बाजूला गेलो आणि तिकडून ओढून पाहिले. नांगर हलला नाही, उलट दोर खडकावर घासल्याचे हाताला जाणवले, म्हणून ते सोडले. मी सदरा काढू लागलो. बुडी मारून सूत कापून येतो म्हणालो. पाणी गढूळ, हातभर खालचे दिसत नव्हते.

"गप बस," दादा म्हणाला. "खाली एक अडाकलो हा, तो पुरे."

दोराला रिकामा डबा बांधून सोडून द्यावा आणि उद्या माणसे घेऊन यावे, हेही बोलून झाले. पण बिननांगराची होडी घेऊन मावशीसमोर उभे राहायचे म्हणजे तिथेच सगळे संपले. आणि डब्यासकट दोर दुसऱ्या कोणी काढून नेला तर? दादाने फळीखालची कोयती काढून मांडीवर ठेवली. तो काय विचार करत होता ते मला दिसत होते.

"भरती येतली," मी म्हणालो. "दोर उभो करूया, आखडून नाळीक बांधूया. पाणी चढला की होडीच ओढतली."

"वडील करीत. मोठ्या होडीत." त्याने नाळीकडे पाहिले. "ही बुडान जायत."

"सूत असा तां. कधी तरी तुटतला."

"तू बांधलंस म्हणजे तुटाचा नाय, असा वाटता माका."

तरी तो उठला. नांगराच्या बरोबर वर होडी आणून आम्ही दोर होता नव्हता तेवढा आत घेतला आणि नाळीच्या खुंटाला आवळून बांधला. बांधताना दोघेही तिथे पुढेच बसलो, म्हणजे आमच्या वजनाने नाळ दबून दोर आणखी आखडला. मग मागे सरकून वाट बघत राहिलो.

"नाळ पाण्याक टेकली की कापतलंय," दादा म्हणाला.

"कापू नको."

"माका बायल-पोरां असत."

"म्हणानच कापू नको."

त्याने कोयती हाताशी घेतली. तिथे एका जागी खिळून वाट बघताना मी मनाशी एकच गोष्ट धरली. साच्याच्या वेळी मी गप्प राहिलो आणि जे होत होते ते होऊ दिले. आज तसे होऊ द्यायचे नाही. दोर कापायचा नाही.

भरती लागली. पाणी चढते आहे हे किनाऱ्याकडे बघून कळत नाही, दोराकडे बघून कळते. दोर आधी थेंब गाळू लागला, मग कुरकुरू लागला. नाळ हळूहळू खाली जात होती आणि होडीचे मागचे टोक वर येत होते. मासळी घसरून पुढे गेली. ती आम्ही हातांनी परत मागे ओढली. मी डब्याने पाणी उपसत होतो. मध्येच मला वाटले, आता नाही तर कधीच बोलवणार नाही.

"दादा," मी म्हणालो, "तो साचो..."

"दोर बघ," तो म्हणाला.

मी दोर बघू लागलो.

मग दुपारचा वारा सुटला आणि लाटा उठल्या. एक लाट नाळीवरून आत आली. दादा उठला, गुडघ्यांवर पुढे गेला आणि कोयती दोराला लावली. मी त्याच्या मागून गेलो आणि कोयतीच्या खाली, दोरावर हात ठेवला.

"हात काढ."

"काढूचंय नाय."

"मेल्या, दोघव जातलंव."

"आणखी थोडा. पाणी मी काढतंय. तू कापू नको."

त्याने कोयती उचलली नाही, पण फिरवलीही नाही. आणखी एक लाट आली, होडी तिच्यावर चढू पाहत होती आणि दोर तिला चढू देत नव्हता. त्या क्षणी दादाच्या चेहऱ्यावर काहीतरी बदलले. तो लाटेकडे बघत होता.

"मागे ये," तो म्हणाला. "लाट नाळीखाली इली की दोघांनी एकदम मागे पडाचा. वजन मागे, नाळ वर. कळला?"

पहिल्या लाटेला मी आधी पडलो, तो नंतर. "साच्यार असो काम करतंस?" तो म्हणाला. साचा हा शब्द त्याच्या तोंडून त्या दिवशी एवढा एकदाच आला. दुसऱ्या लाटेला आम्ही बरोबर पडलो. नाळ थरथरली. पुढच्या लाटेला पाठ फळीवर आपटली आणि मला होडीच्या लाकडातून एक बारीक कंप जाणवला. ताणाखाली तार तुटते तेव्हा साच्याच्या फ्रेमवर ठेवलेल्या हाताला जाणवतो, तसाच. मी दादाला म्हणालो, "एक तुटली." तो म्हणाला, "गप, पड."

त्यानंतरच्या कितव्या लाटेला ते झाले, ठाऊक नाही. नाळ एकदम उसळली आणि आम्ही दोघे मासळीत उताणे पडलो. दोर मऊ पडला होता. दादाने तो हातात घेतला आणि ओढला. नांगर बूड वर करून, दांडा खाली लोंबत, मुकाट वर आला. एक नखी किंचित वाकली होती. कडीला माझे सूत तसेच गुंडाळलेले होते. मी ते निरखून पाहिले. सगळ्या तारा एका जागी तुटल्या नव्हत्या. कोणाचे टोक झिजून केसाळ झाले होते, कोणाचे नुकतेच, स्वच्छ तुटलेले. म्हणजे आम्ही नुसते बसलो आहोत असे वाटत होते, तेव्हाही ते एकेक तारेने तुटत होते.

मावशी किनाऱ्यावर उभीच होती. आम्हाला उशीर झालेला तिने पाहिला होता. तिने मासळीकडे बघितले नाही. दोराचे टोक हातात घेतले आणि सगळा दोर बोटांतून काढत नांगरापर्यंत गेली. खडकावर घासलेल्या जागी थांबली, अंगठा फिरवला, पुढे गेली. मग तिला कडीवरचे सूत दिसले.

"हे काय?"

मी तोंड उघडायच्या आत दादा म्हणाला, "आमच्या भावानं बांधलं. मिलमध्ये आहे तो."

मावशीने मला आपादमस्तक पाहिले. "मग लुगडं विण की. नांगर कशाला विणतोस?" ती दादाकडे वळली. "नखी ठोकून घे. आणि पाऊस लागेपर्यंत होडी ठेव तुझ्याकडे. ह्याला सुतळी दे. कुजकी दे."

शिमग्याला चाळ रिकामी झाली, दादाही गेला, आणि सगळ्यांना घेऊन परत आला. ट्रंक खाटेखाली गेली. तो पुढे अनेक वर्षे होडीवर राहिला, नंतर स्वतःच्या. साचा माझ्याकडेच राहिला. मी निवृत्तीच्या वयाकडे निघालो आहे आणि ते एक वाक्य अजून बोललेलो नाही. आता जॉबर नाही, ऐकणाराही त्याची वाट बघत नाही. पण बोललो नाही हे खरे.

नांगर अडकल्यानंतरच्या पहिल्या सुट्टीला मी किनाऱ्यावर गेलो तेव्हा वाटले होते, दादा मला नांगराजवळ फिरकू देणार नाही. त्याने खिशातून सुतळी काढून माझ्या हातात दिली.

"बांध."

मी बांधली. त्याने दोर धरून एक हिसका दिला. सुतळी तुटली.

"हां," तो म्हणाला. "आता परत बांध."