म्हैस हटवण्याचा अर्ज

चंदा लग्न होऊन आली तेव्हा तिचं सासर गाव होतं. नंतर ती घरातून हलली नाही. घराभोवती लखनौची वृंदावन योजना ही नवी वसाहत उभी राहिली आणि गाव आमच्या सेक्टरच्या मागची गल्ली झालं. शेताच्या जागी जिम आणि केकचं दुकान आलं. चंदाकडे राहिल्या दोन म्हशी आणि त्यांना बांधायला एक कडुनिंब. लोक गाव सोडून शहरात जातात. चंदाच्या दारात शहरच येऊन बसलं, वर नाकाला रुमाल लावून.

तो रुमाल सेक्टरच्या समितीचे सेक्रेटरी हणमंतरावांचा. मूळचे साताऱ्याकडचे, हवाई दलातून निवृत्त. "आता हे शहर आहे," म्हणून त्यांनी म्हशी हटवण्याचा अर्ज लिहिला. बेत असा : रविवारी घरी बैठक, नऊ सह्या, सोमवारी अर्ज नगर निगममध्ये.

चंदा दहा घरांना दूध घालते. म्हशी गेल्या तर त्याच घरांत भांडी घासावी लागतील, हे तिने हणमंतरावांच्या बायकोला, लीलावतीबाईंना, सरळ सांगितलं. "दीदी, सब भैया के हाथ में है."

"आणि भैया कुणाच्या हातात आहेत?" लीलावतीबाईंनी मराठीतच विचारलं. इतक्या वर्षांत चंदाला तेवढं कळत होतं. ती हसली.

शनिवारी एक म्हैस व्याली. रविवारी सकाळी चंदा मागच्या दाराने एक डबा देऊन गेली.

बैठकीत अर्ज वाचून झाला. हणमंतरावांनी पेन पुढे केलं, तेवढ्यात लीलावतीबाईंनी बशा आणल्या. गुळाचा, वेलदोडा घातलेला खरवस, अजून थरथरत होता. पिशवीच्या दुधाचा खरवस होत नाही, हे दुःख हणमंतराव लखनौला आल्यापासून दर सणाला सांगत होते. त्यांनी तीन वड्या संपवल्या आणि मग विचारलं, "चीक कुठून आणलास?"

"तुमच्या अर्जात पत्ता आहे की. दुसऱ्या ओळीत."

हणमंतरावांनी अर्जाची दुसरी ओळ पुन्हा वाचली. बशी मात्र हातातच राहिली.

"आंटी, यह रोज़ बन सकता है?" शेजारच्या आशुतोषने विचारलं.

"नहीं बेटा. म्हैस ब्याती है, तभी. दूसरी को दो महीने हैं. पर तब तक तो वह हट जाएगी. तू सही कर ना, थांबलास का?"

आशुतोषने पेनाला टोपण लावलं. बाकीच्यांनी बशा पुढे केल्या.

अर्ज मागे घेणं हणमंतरावांच्या शिस्तीत बसेना. त्यांनी खाली लिहिलं : दोन महिन्यांनी फेरविचार. तेव्हा दुसरी व्याली, फेरविचार पुढे गेला. अर्ज अजून कपाटात आहे, आणि मुदत दोघी म्हशी आळीपाळीने वाढवत असतात.

सकाळी दूध आणायला आता हणमंतराव स्वतः जातात. येताना धूळ बसू नये म्हणून किटलीवर तोच रुमाल असतो.