श्रोत्यांसाठी दोन मिनिटं

ऐंशीच्या दशकाच्या मध्यावर मी बी.कॉम.च्या शेवटच्या वर्षाला होते आणि मला वकील व्हायचं होतं. बाबांना ते मान्य नव्हतं. वकिली म्हणजे नुसती बडबड, आणि ती तू घरात फुकट करतेसच, असं त्यांचं म्हणणं. शेवटी माझ्या कटकटीला कंटाळून त्यांनी अट घातली. पार्ल्यातल्या आमच्या वाचनालयाची वादविवाद स्पर्धा जानेवारीत व्हायची. तिथला चषक आणलास तर लॉ कॉलेजचा फॉर्म भर, नाहीतर मुकाट्याने बँकेच्या परीक्षेला बस. बाबा शब्दाला पक्के होते, दोन्ही बाजूंनी.

त्या वर्षीचा विषय होता, ‘राज्यघटना नव्याने लिहिण्याची वेळ आली आहे’. तेव्हा वर्तमानपत्रांत हाच वाद चालू होता. अध्यक्षीय पद्धत आणा, मूलभूत हक्कांना कात्री लावा, देशाला शिस्त हवी, असं एकीकडून. घटनेला हात लावाल तर खबरदार, असं दुसरीकडून. पार्ल्यातले निवृत्त लोक सकाळी दूध आणायला जायचे ते घटनेवर भांडून तासाभराने यायचे, आणि घरी चहा खोळंबलेला असायचा.

बाजू चिठ्ठी टाकून ठरायची. माझ्या चिठ्ठीत ‘विषयाच्या बाजूने’ आलं. म्हणजे घटना बदला आणि हक्क कमी करा, असं मला सांगायचं होतं.

घरात यावर हसावं की रडावं ते कुणाला कळेना, कारण आमचे काका आणीबाणीत तुरुंगात जाऊन आले होते. काका, म्हणजे बाबांचे थोरले भाऊ, शाळेत शिक्षक होते. शिक्षकांच्या एका सभेत त्यांनी सरकारविरुद्ध भाषण केलं आणि चार दिवसांनी सकाळी पोलीस येऊन त्यांना घेऊन गेले. मी तेव्हा नऊ वर्षांची होते आणि शाळेत गेले होते. काका कोकणात शिकवायला गेलेत, असं मला सांगण्यात आलं आणि मी ते खरं मानलं. ते परत आले तेव्हा फार वाळले होते. कोकणातल्या शाळेत जेवण चांगलं नसावं, असं मी धरून चालले. खरं काय ते मला बारा-तेरा वर्षांची झाल्यावर कळलं, आणि तोवर ते जुनं झालं होतं.

मला बोलायला शिकवलं ते काकांनीच. आपल्याला न पटणारी बाजू आधी लिहून काढायची, तीही अशी की समोरच्याला वाटलं पाहिजे, अरे, हे तर मलाच सुचायला हवं होतं. या त्यांच्या नियमाप्रमाणे त्यांनी माझ्याबरोबर बसून हक्क कमी करण्याच्या बाजूचे मुद्दे काढले. संप, मोर्चे, कोर्टात वर्षानुवर्षं पडून राहणारे खटले, सगळं. ज्या माणसाला याच मुद्द्यांवर आत टाकलं होतं, तो माणूस चष्मा कपाळावर ढकलून म्हणत होता, इथे अजून जोर हवा. मला त्यांचं कौतुक वाटलं आणि थोडा रागही आला. स्वतःची अजिबात कड न घेणारी माणसं मला सहन होत नाहीत.

स्पर्धा रविवारी दुपारी चारला होती. हॉल भरला होता. तिसऱ्या रांगेत बाबा, काका, काकू आणि काकूंच्या शेजारी आमच्या समोरच्या बिऱ्हाडातल्या मावशी. काकू आणि मावशी रोज भाजी आणायला बरोबर जायच्या. आमच्या बिल्डिंगमधल्या आणखीही पाच-सहा बायका मागच्या रांगेत होत्या. मी जिंकले तर त्यांना पेढे मिळणार होते.

माझं भाषण झकास झालं. पण विरुद्ध बाजूला मुलुंडचा एक मुलगा होता, सडपातळ, शांत, आणि तो माझ्यापेक्षा चांगला बोलला. शेवटी माझ्याकडे वळून तो म्हणाला, यांच्या घरातला माणूस एके दिवशी कारण न सांगता उचलून नेला, म्हणजे यांना मूलभूत हक्क कळतील. टाळ्या झाल्या. चषक हातातून निसटताना मला स्पष्ट दिसला आणि माझं डोकं फिरलं.

खंडनाला मला दोन मिनिटं होती. मी काकांबरोबर लिहिलेले कागद बाजूला ठेवले. म्हटलं, नेला होता. माझ्या घरातला माणूस नेला होता, आणि तो आज इथे बसला आहे. तेव्हा मी नऊ वर्षांची होते. काय बदललं? शाळा चालू होती, रेशन मिळत होतं, बस वेळेवर येत होती. उलट त्या संक्रांतीला मला जन्मात मिळाला नव्हता एवढा तिळगूळ मिळाला. हळदीकुंकवाला वाण म्हणून आणलेले करंडेसुद्धा ढीगभर मिळाले, इतके की मी घरात त्यांचं दुकान मांडलं. घाबरवणारे घाबरवतात, संसार चालूच असतो.

हॉल खदखदून हसला. मुलुंडचा मुलगाही हसला. मी बाबांकडे पाहिलं, ते खूश दिसले. जिंकलो आपण, असं मला वाटलं.

आमच्या वाचनालयाची एक पद्धत होती. निकालाआधी श्रोत्यांपैकी कुणीही दोन मिनिटं बोलू शके, आणि ज्याच्यावर बोललं गेलं त्याला उत्तराला एक मिनिट मिळे. वर्षानुवर्षं तेच तीन आजोबा उठायचे आणि घंटा वाजली तरी बसायचे नाहीत. त्या दिवशी ते तिघे आटोपल्यावर काकू उठल्या. काकू चारचौघांत कधी बोललेल्या मला आठवत नव्हत्या. त्या माइकपाशी न जाता जागेवरूनच बोलल्या.

“माझी पुतणी म्हणाली ते खरं आहे. तिळगूळ उरला होता. हे आत होते, तरी मी त्या वर्षी हळदीकुंकू केलं. माझा नवरा तुरुंगात होता, पण होता. मी घरोघरी जाऊन बोलावून आले. दिवेलागणीपासून दार उघडं ठेवून बसले. एकही बाई आली नाही. मग ते सगळं या मुलीला दिलं आणि सांगितलं, यंदा सगळं तुझंच. तिला काही कळू नये म्हणून आम्ही फार जपलं. ते जमलं, हे आज कळलं.”

एवढं बोलून त्या बसल्या. अर्धा वेळही झाला नव्हता. मागच्या रांगेतल्या बायका पदराशी चाळा करत होत्या. समोरच्या मावशी ताठ बसून सरळ स्टेजकडे बघत होत्या. काका काकूंकडे बघत होते. त्यांनाही हे कुणी सांगितलं नव्हतं, हे मला त्यांच्या तोंडाकडे बघून कळलं. दहा वर्षं ती बाई हे एकटीने बाळगून होती आणि मी त्यावर हशा मिळवला होता. मला स्वतःची इतकी लाज त्याआधी कधी वाटली नव्हती.

परीक्षकांनी विचारलं, उत्तर द्यायचं आहे का? एक मिनिट आहे. उत्तर सुचलं होतं, हेही सांगून टाकते. एका घरच्या दुःखावरून देशाची घटना ठरत नाही, असं म्हणता आलं असतं आणि ते वाक्य गाजलं असतं. बाबा माझ्याकडे बघत होते. मी माइक धरला आणि म्हटलं, मी माझं उदाहरण मागे घेते, आणि ते गेलं की माझ्या बाजूला काही उरत नाही.

चषक मुलुंडच्या मुलाने नेला. बाबांनी शब्द पाळला आणि मीही पाळला. जूनमध्ये बँकेच्या परीक्षेला बसले, पास झाले, आणि निवृत्त होईपर्यंत बँकेतच होते. वकील झाले नाही याचं वाईट वाटतं, अजूनही वाटतं.

त्या संध्याकाळी घरी जाताना बाबा आणि काका पुढे गेले होते. मी काकूंबरोबर होते आणि मावशी आमच्या बऱ्याच मागे, एकट्या चालत होत्या. काकूंची माफी मागायची सोडून मी मावशींवर घसरले. काकू, इतकी वर्षं तुम्ही त्यांच्याबरोबर भाजीला जाता? त्यांना कधी विचारलं नाहीत, का आला नाहीत म्हणून?

“हळू बोल गो,” काकू म्हणाल्या. “तिच्या नवऱ्याची सरकारी नोकरी होती. पोरं लहान होती. आमच्या दारात कोण येतं-जातं ते बघायला खाली माणूस बसवलेला होता.”

मी म्हटलं, म्हणून काय झालं? त्यांच्या जागी तुम्ही असतात तर गेला असतात.

काकूंनी मागे वळून मावशींकडे पाहिलं.

“नसते गेले,” त्या म्हणाल्या. “तेव्हापासून हाच विचार करते आहे. मीही नसते गेले.”